दसऱ्याला घासलेलं रिव्हॉल्व्हर

"अशी खूण कधी पाहिली होतीस का यावर?" माझ्या नवऱ्यानं विचारलं आणि मोबाईल माझ्या डोळ्यांपुढं धरला. मोबाईलवर एका बाणाचं चित्र होतं. एक उभी रेघ आणि तिच्या टोकाला दोन तिरप्या रेघा. ओल्या मातीत कावळ्याचा पाय उमटतो तशी.

"पाहिली होती," मी म्हणाले.

"कुठं?"

"इथंच. मुठीच्या वर, या पट्टीवर. आता नाही. घासून घासून गेली."

त्यांनी मोबाईल खाटेवर ठेवला. रिव्हॉल्व्हर उचललं आणि त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. पट्टी स्टीलच्या ताटासारखी गुळगुळीत होती. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय बोलून बसले ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

"काका, विलायतेचे ते गृहस्थ असंही लिहितात की पूर्ण नंबर मिळाला तर..." बाई म्हणाल्या.

"ते काय लिहितात ते मला कळलं, बाई. बाण म्हणजे सरकारी माल. सरकारी माल साहेब कुणाला देऊ शकत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा टाक."

मी चहा टाकला. तो त्यांनी घेतला नाही. त्यावर साय आली, मग मी कप उचलून मोरीत ओतला. त्या दिवसानंतर त्यांनी ते रिव्हॉल्व्हर हातात धरलं नाही.

हे रिव्हॉल्व्हर माझ्या सासऱ्यांचं. आमचं गाव खानदेशात. मोठ्या लढाईत सासरे आणि त्यांचे थोरले भाऊ दोघंही फौजेत गेले. सासरे एका गोऱ्या साहेबाचे अर्दली होते. बूट पुसायचे, पाणी तापवायचं, तंबू झाडायचा. तिकडं ब्रह्मदेशात साहेबाला तापानं धरलं तेव्हा सासऱ्यांनी त्याचं सगळं केलं, घाणसुद्धा काढली. लढाई संपल्यावर साहेब विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं आपलं रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळून सासऱ्यांच्या हातात दिलं. ही सासऱ्यांची गोष्ट. मी ती पंचवीस-तीस वेळा ऐकली आणि दर वेळी ती तशीच असायची. टॉवेलाचा रंगही बदलायचा नाही. खरं बोलणाऱ्याची गोष्ट बदलत नाही, असं ह्यांचं म्हणणं. पाठ केलेलीही बदलत नाही, असं माझं. पण ते मी बोलले नव्हते.

सासरे परत आले. त्यांचे भाऊ आले नाहीत, त्यांच्या मरणाची तार आली. त्या भावाचा एक मुलगा होता, तेव्हा पाळण्यातला. तोच माझा थोरला चुलत दीर. त्याच्या आईनं तो रांगायला लागल्यापासून त्याला काय सांगितलं असेल ते मी समजू शकते. भाऊबंदकीत कुठलंही भांडण निघालं, बांधाचं असो की लग्नातल्या मानपानाचं, की ते ह्यांना एकच वाक्य ऐकवायचे. "मना बाप तारमा उना, तुना बाप पिस्तूल लिसन उना." माझा बाप तारेतून आला, तुझा बाप पिस्तूल घेऊन आला. गावात सगळे म्हणायचे, अर्दल्याला साहेब असली वस्तू देत नसतो. मेलेल्या नाहीतर आजारी साहेबाच्या उशाखालून काढली असणार.

"चोर असता तर तालुक्याला जाऊन कागद केला असता का?" हे म्हणायचे. ते खरं होतं. सासऱ्यांनी स्वतःहून परवान्याचा कागद करून घेतला होता आणि पोलिसांनी नळीत शिसं ओतून ते कायमचं बंद करून दिलं होतं. सासऱ्यांनंतर तो कागद ह्यांच्या नावावर झाला. चालणारी वस्तू ती नव्हतीच. आमच्याकडं ती दसऱ्याची वस्तू होती.

दसऱ्याला आमच्यात पाटावर विळा, कोयता, वस्तरा, घरात जे काही लोखंड असेल ते मांडतात. हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान. त्या पाटावर मधोमध ते रिव्हॉल्व्हर. लग्नानंतरचा पहिला दसरा आला तेव्हा सासूबाईंनी ते माझ्यापुढं ठेवलं. म्हणाल्या, "देवापुढं काळं काही ठेवायचं नाही." रिव्हॉल्व्हर काळंकुट्ट होतं. मी चौथी शिकलेली, चुलीपुढं वाढलेली. काळं म्हणजे काजळी, एवढंच मला माहीत. विटकरीचा बारीक भुगा केला, चिंच घेतली आणि अंगणात बसून घासलं. घासता घासता खालून पांढरं लोखंड निघालं तेव्हा मला फार बरं वाटलं. शेजारणी बघायला आल्या. नवी सून हाताची चांगली आहे म्हणाल्या.

तो काळा रंग कारखान्यानंच मुद्दाम दिलेला असतो, लोखंड गंजू नये म्हणून, हे मला अलीकडं कळलं. तो निघाला म्हणून ते दर पावसाळ्यात गंजायचं, आणि गंजायचं म्हणून दर दसऱ्याला मी आणखी जोरानं घासायचे. सिल्वासाला आल्यावर हे कारखान्यातून पॉलिश पेपर आणून द्यायचे. त्यानं काम लवकर व्हायचं. पन्नासच्या वर दसरे मी ते घासलं. घासण्यात मी कधी हयगय केली नाही. माझ्या घरातलं पातेलं आजही बाहेरून आतल्यासारखंच असतं.

सिल्वासाला आम्ही आलो ते कारखान्यांमुळं. धुळे, नंदुरबारकडची किती घरं तेव्हा इकडं आली. ह्यांना दादऱ्याला यार्नच्या कारखान्यात डिस्पॅचला काम लागलं आणि तिथंच ते निवृत्त झाले. धाग्याचे खोके ट्रकमध्ये चढायचे. कुठल्या लॉटचे किती, कुठल्या गाडीत, कुठल्या गावाला, कुणाच्या नावानं, ते सगळं हे चोपड्यात उतरवायचे. गेटपास, बिल्टी, सही. एकदा भिवंडीच्या पार्टीनं माल पोचलाच नाही म्हणून आरडाओरडा केला. शेठ ह्यांच्यावर चिडला. ह्यांनी चोपडा उघडून दाखवलं की गाडी पोचली, उतरली आणि पार्टीच्याच भाच्यानं सही केली. ही गोष्ट ते आल्यागेल्याला सांगायचे. "माल हवेत जात नाही," असं म्हणायचे. "जिथून निघाला तिथं नोंद असतेच."

म्हणून दगडाचा विषय निघाला तेव्हा ह्यांच्या डोक्यात ते आलं.

गावानं ठरवलं होतं की मोठ्या लढाईत आपल्या गावातून गेले त्यांची नावं कोरून शाळेसमोर दगड बसवायचा. कमिटीत चुलत दीर मुख्य. त्यांच्या बापाचं नाव पहिलं, ते बरोबरच होतं. माझ्या सासऱ्यांचं नाव यादीत नव्हतं. ह्यांनी फोन केला.

"भाऊ, राग येऊ देऊ नको," दीर म्हणाले. फोन स्पीकरवर होता. "लोकं म्हणतस, चोरनं नाव दगडवर नको. मी एकटा काय करू? कागद आण. साहेबनी दिन्ह असा कागद आण, नाव टाकी देऊ."

"ऐंशी वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणू, दादा?"

"ते तू पाय."

पाय म्हणजे बघ. ह्यांनी फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ज्या कारखान्यात ते बनलं तिथं डिस्पॅच असणार ना?"

मला वाटलं डोकं फिरलं. तेव्हा त्यांचं डायलिसिस सुरू झालं होतं, आठवड्यातून दोनदा. मी म्हटलं, विलायतेचा कारखाना तुमचा चोपडा जपून ठेवणार आहे का? पण मास्तरीणबाईंनी मोबाईलवर शोधलं आणि ह्यांचंच खरं निघालं. त्या मूळच्या कोकणातल्या, इथल्या सरकारी शाळेत जन्म गेला, निवृत्तीनंतर एकट्याच वर राहतात. त्यांनी सांगितलं की जुन्या कारखान्यांचे चोपडे सांभाळणारी माणसं परदेशात आहेत. नंबर कळवला की ते रिव्हॉल्व्हर कारखान्यातून कधी निघालं, कुठल्या पेटीतून, कुणाच्या नावानं, ते शोधून देतात. हौशी लोक अशी चौकशी करतात म्हणे.

मग संध्याकाळी दोघं मोबाईलवर पत्र लिहायला बसायचे. हे मराठीत सांगायचे, बाई इंग्रजीत घालायच्या.

"लॉट नंबर आणि गेटपासही विचारा," हे म्हणायचे.

"अहो काका, रिव्हॉल्व्हरला गेटपास कसला?"

"गेटपासाशिवाय कारखान्याबाहेर सुई जात नाही, बाई. तुम्ही शाळेतल्या. तुमची पोरं बिनपासाची बाहेर पडतात."

बाई हसायच्या आणि लिहायच्या. त्या महिन्याभरात हे जरा बरे दिसत होते, हे मला कबूल करायला पाहिजे. डायलिसिसहून आले की आधी विचारायचे, उत्तर आलं का.

उत्तर आलं. पत्र लिहिणारा म्हातारा असावा, फार सविस्तर लिहायचा. त्यानं लिहिलं होतं की त्या चोपड्यांत दोन तऱ्हेच्या नोंदी आहेत. एक, सरकारला पेट्या भरभरून गेलेला माल. दुसरी, एकेक नग दुकानाकडे, एखाद्या साहेबाच्या नावानं, त्यानं स्वतःच्या पैशानं मागवलेला. ह्यांना हेच हवं होतं. साहेबाचा स्वतःचा नग असेल तर साहेब तो वाटेल त्याला देईल, सरकारी पेटीतला असेल तर नाही. दगडावर नाव पडणार की नाही, ते त्या नोंदीवर.

पण त्याला पूर्ण नंबर हवा होता. नंबर मुठीच्या खाली असतो. ह्यांनी भिंग लावलं, पावडर चोळली, टॉर्च तिरका धरला. आकडे दिसले, शेवटचे दोन सोडून. तिथं काहीच नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन आकडे नाहीत म्हणजे शंभर नगांतला कुठला ते कळणार नाही, आणि त्या शंभरांत काही पेटीतले, काही सुटे. बाईंनी तसं कळवलं. मग त्याचं दुसरं उत्तर आलं. नंबर नसेल तर राहू द्या, त्यावर बाणाची खूण कधी होती का तेवढं सांगा, बाण असेल तर सरकारी, मग चोपडा बघायला नको. सोबत चित्र.

तेच चित्र ह्यांनी माझ्यापुढं धरलं होतं.

मी 'आठवत नाही' म्हणू शकले असते. नंतर मुलीनं नाशिकहून फोनवर तेच ऐकवलं, "आई, तुला जरा थांबता येत नाही का?" मला थांबता येत नाही. विचारलं की मी सांगते. पहिल्या दसऱ्याला ती खूण मी नीट पाहिली होती, कारण भुगा तिच्यात अडकायचा आणि मला काडीनं काढावा लागायचा. पुढं कुंकू अडकायचं. काही वर्षांनी अडकायचं बंद झालं आणि मला सोयीचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दिरांना फोन केला. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकू येत होतं.

"दादा, नाव टाकू नका. माल सरकारी होता."

मग दीर म्हणाले, "कोनी सांगं?"

"चौकशी केली. तसंच निघालं."

"बरं." मग म्हणाले, "तब्येत कशी शे तुनी?"

"चाललंय."

त्या फोनवर दीर जिंकले होते, पण त्यांचा आवाज जिंकलेल्याचा नव्हता. ह्यांनी खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं, कुणी विलायतेला तपासायला जाणार नव्हतं. पण चोपड्यात नसलेला माल ह्यांनी जन्मात कधी दाखवला नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी भांडी काढली तेव्हा हे म्हणाले, "यंदा ते मांडू नको." मी मांडलं नाही. पाटावर विळा, कात्री आणि ह्यांचा जुना पाना. मधली जागा मी झेंडू पसरून भरली. गावी दगड बसला. दिरांनी मोबाईलवर फोटो पाठवला, हार घातलेला. हे फोटो मोठा करून नावं वाचत बसले. सगळी वाचली, परत पहिल्यापासून वाचली.

मार्गशीर्षात ते गेले. माझ्या त्या एका उत्तरानं गेले असं मी म्हणणार नाही. किडनीनं गेले, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण बाप चोर होता असं समजून गेले, आणि ते त्यांना मी सांगितलं होतं. शेवटच्या महिन्यात एकदा, डायलिसिसहून रिक्षातून येताना, त्यांनी विचारलं, "टॉवेल कुठल्या रंगाचा सांगायचे ते?"

"हिरव्या," मी म्हटलं.

"हिरवाच," ते म्हणाले. पुढं दामणगंगेचा पूल आला आणि ते बाहेर बघत बसले.

दिवस घातल्यानंतर आठवड्याभरानं मास्तरीणबाई खाली आल्या. दारातच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आत या, दारात काय उभ्या. त्या बसल्या आणि म्हणाल्या की बाण होता असं त्यांनी त्या माणसाला तेव्हाच कळवलं होतं, आभार मानून. त्याचं उत्तर आता आलं. तो मध्यंतरी आजारी होता.

"काय म्हणतो?"

"काकू, तो विचारतो, बाण एक होता की दोन."

मला कळलं नाही. त्यांनी वाचून दाखवलं. एक बाण म्हणजे सरकारी माल. पण सरकार जुना माल विकून टाकायचं तेव्हा त्या बाणासमोर दुसरा बाण मारायचं, टोकाला टोक लावून. दोन बाण असतील तर तो माल सरकारनं रीतसर विकलेला. असा माल साहेबलोक विकत घ्यायचे. तो मग त्यांचा स्वतःचा.

"काढून दाखवा," मी म्हटलं.

बाईंनी लाईटच्या बिलाच्या मागं काढलं. एका बाजूला एक बाण, दुसऱ्या बाजूला दोन, टोकाला टोक. दोन बाण म्हणजे जवळजवळ चांदणीच. मी कागद जवळ धरला, लांब धरला. अंगण आठवलं, विटकरीचा भुगा आठवला, आंब्याच्या काडीनं मी तो कोरून काढत होते ते आठवलं. तीन रेघा आठवल्या. त्यांच्यापुढं आणखी तीन होत्या का, ते आठवलं नाही. ह्यांनी चित्र दाखवलं ते एका बाणाचं होतं, म्हणून मला एक आठवला असेल. दोनाचं दाखवलं असतं तर दोन आठवले असते का, तेही मला सांगता येत नाही.

"काकू," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "दोन म्हणा. कुणाचं काय जातंय? काकांच्या वडलांचं नाव तरी लागेल."

"तुम्ही मास्तरीण ना? पोरांना असंच शिकवलंत का?"

त्या उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी वालाच्या बिरड्याचा डबा घेऊन आल्या, त्याविषयी पुन्हा बोलल्या नाहीत.

एक गोष्ट मी ह्यांना कधी सांगितली नाही. बाईंनाही नाही. मी घासायला बसले की सासरे कधीकधी ओट्यावर येऊन बसायचे. एकदा म्हणाले होते, "पोरी, त्या पट्टीवर जरा जास्त घास. तिथं कुंकू अडकतं." कुंकू खरोखर अडकायचं. म्हणून म्हणाले असतील. त्यांना ती खूण जायला हवी होती म्हणूनही म्हणाले असतील. ह्यांनी बाणाचं विचारलं तेव्हा मी बाणाचं सांगितलं. हे त्यांनी विचारलं नव्हतं, म्हणून माझ्याजवळ राहिलं.

मी दिरांना फोन केला. सगळं सांगितलं, एक बाण म्हणजे काय, दोन म्हणजे काय. ते ऐकत राहिले. त्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढं गेलेलं, दम लागायचा.

"बाई," ते म्हणाले, "दगडवर खाले जागा शे. एक नाव बसी. तू सांग, एक व्हता का दोन. तू सांगशी ते मी कमिटीले सांगस. कोनी काही बोलावं नाही."

जन्मभर जे ह्यांना ऐकवत आले त्यांनी माझ्या एका शब्दावर नाव कोरायची तयारी दाखवली. मी फोन कानाला धरून उभी होते. खाली कारखान्याची बस आली होती, पाळीची माणसं उतरत होती.

"मला आठवत नाही, दादा," मी म्हटलं.

"नीट आठव."

"आठवून झालं. नाही आठवत."

"मंग राहू दे," ते म्हणाले. रागानं नाही. "आपला दोन्हीसना बाप गयात." दोघांचेही बाप गेले, त्यांचा आणि ह्यांचा.

नाव लागलं नाही. रिव्हॉल्व्हर मी पोलीस ठाण्यात जमा केलं, ज्याच्या नावाचा कागद तो माणूस गेला की करावं लागतं. तिथल्या माणसानं नंबर लिहून घेतला आणि शेवटच्या दोन आकड्यांच्या जागी आडवी रेघ मारली.

दीर मागच्या उन्हाळ्यात वारले. सासरे नाहीत, सासूबाई नाहीत, हे नाहीत. ती खूण डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता मी एकटी. मला शहात्तरावं चालू आहे आणि माझी तब्येत चांगली आहे.